सायकेडेलिक्स आणि वनौषधी क्षेत्रात करिअर : नाशिकमधून सुरुवात करताना या चुका टाळा

सायकेडेलिक्स म्हणजे मन आणि जाणिवा बदलणारे पदार्थ. सायलोसायबिन, एमडीएमए, केटामाइन ही त्यांतली नावं आता मानसोपचाराच्या चर्चेत रुळली आहेत. त्यांच्या मागोमाग ‘सायकेडेलिक थेरपिस्ट व्हा’ सांगणारे ऑनलाइन कोर्सही आले. बीएएमएस, फार्मसी किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्याला या क्षेत्राची ओढ वाटणं स्वाभाविक आहे, आणि इथे कामही खरंच आहे. मात्र त्याची सुरुवात पदार्थापासून होत नाही, अधिकृत नोंदणीपासून होते. हा क्रम उलटला की पैसे जातात, आणि कधी कधी माणूस थेट तुरुंगात जातो.

कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०२३ पासून परवानाधारक केंद्रांत सायलोसायबिन मिळतं. तिथल्या फॅसिलिटेटरला (सत्रात सोबत बसणाऱ्या मार्गदर्शकाला) १२० तासांचं शिक्षण, ४० तासांचं प्रात्यक्षिक आणि परीक्षा पार करावी लागते. एवढं करून मिळणारा परवाना ओरेगनपुरताच चालतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून सायलोसायबिन आणि एमडीएमए उपचाराला परवानगी दिली, ती फक्त अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने तर ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए उपचाराला मंजुरी नाकारली आणि तिसऱ्या टप्प्याची आणखी एक चाचणी करायला सांगितलं. यातलं काहीच भारतात लागू होत नाही. इथे रुग्णासोबत काम करायचं तर एमडी सायकियाट्री करा, किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घ्या. फी भरण्याआधी ती संस्था आणि तो अभ्यासक्रम आरसीआयच्या यादीत आहे का, हे स्वतः तपासा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

‘झाडपाल्याला कसला कायदा?’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सायलोसायबिन, डीएमटी, मेस्कलिन, एलएसडी, एमडीएमए हे सगळे पदार्थ एनडीपीएस कायदा, १९८५ म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. एलएसडीची ‘व्यावसायिक मात्रा’ ०.१ ग्रॅमपासून सुरू होते आणि त्यापुढे किमान १० वर्षांची शिक्षा आहे. हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं, की मिश्रणातल्या निष्क्रिय घटकाचंही वजन धरायचं. म्हणजे थेंबभर पदार्थ वाहणारी वस्तूही वजनात येऊ शकते.

इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरकडच्या फार्महाउसवर ‘सेरेमनी’ म्हणजे असे पदार्थ घेण्याचं सामूहिक सत्र भरवायला मदत करणं हा अनुभव म्हणून बायोडेटात लिहिता येत नाही. कलम २५ नुसार माहीत असूनही जागा वापरायला देणारा दोषी ठरतो आणि कलम २९ नुसार साथ देणाराही.

भांगेबाबतही गल्लत होते. फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया ‘गांजा’च्या व्याख्येतून सुटतात, हे खरं. तरीही महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहेच. उत्तराखंडने हेम्पच्या (नशा कमी असलेल्या भांगेच्या वाणाच्या) लागवडीला परवाने दिले म्हणून निफाडच्या शेतात बी पेरता येत नाही.

केटामाइन एकट्याने हाताळायला जाणे

भूल देण्यासाठी केटामाइन भारतात कायदेशीरपणे वापरलं जातं, त्यामुळे या क्षेत्रातली प्रत्यक्ष नोकरी आज बहुतेक त्याच्याभोवतीच आहे. उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यात ते ऑफ-लेबल, म्हणजे मंजूर वापराबाहेर, देतात. रूढ मात्रा दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत. त्या वेळात रक्तदाब चढतो. म्हणून मॉनिटर, ऑक्सिजन, श्वसनमार्ग सांभाळू शकणारा भूलतज्ज्ञ आणि नंतर देखरेखीची वेळ हे सगळं लागतं. त्या दिवशी रुग्णाने गाडी चालवायची नाही. औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते, साठा कुलपात ठेवावा लागतो आणि नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात. नोंदवही आणि साठ्याचा मेळ बसला नाही, तर तपासणीत सगळं क्लिनिक अडचणीत येतं.

मानसशास्त्रज्ञाचं काम याच्या आधी आणि नंतर असतं. सत्रापूर्वी सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा) इतिहास आणि अनियंत्रित रक्तदाब विचारून घ्या. लक्षणांची तीव्रता पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीसारख्या मोजपट्टीवर दर वेळी नोंदवा. रुग्णाने आधी बाहेर काय घेतलं, हे न रागावता विचारा, कारण लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असताना सायलोसायबिन घेतल्याने फिट आल्याच्या नोंदी आहेत, आणि आयावास्का या डीएमटी असलेल्या काढ्यासोबत एसएसआरआय (नैराश्यावरच्या) गोळ्या असल्या तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढण्याचा, धोका असतो. ‘मग गोळ्या बंद करा’ असा सल्ला मात्र कधीही देऊ नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

वनौषधीला कमी लेखणे

नाशिकची खरी ताकद इथे आहे आणि नेमकी हीच बाजू दुर्लक्षित राहते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ शहरात आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचं रान जवळ आहे. वनस्पती अचूक ओळखणारा, माल तपासणारा माणूस या धंद्यात लागतोच.

पहिली चूक स्थानिक नावावर माल घेण्याची. गुळवेलीचंच पाहा. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या खोडावर गाठी नसतात, पांढरा चीक येत नाही आणि फळ गोल, लाल असतं. टिनोस्पोरा क्रिस्पाला गाठी असतात, चीक येतो आणि फळ लांबट, नारिंगी असतं. क्रिस्पा औषधात चालत नाही. वाळलेल्या तुकड्यांत हा फरक पुसला जातो, म्हणून पान-फळासह हर्बेरियम (दाबून वाळवून जपलेला) नमुना घ्या, गाव आणि तारीख लिहा, आणि प्रयोगशाळेत एचपीटीएलसी ही रासायनिक ओळख पटवणारी तपासणी करून घ्या.

धोत्र्याला ‘नैसर्गिक सायकेडेलिक’ म्हणणारे भेटतात. त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन भ्रम, तीव्र ताप आणि हृदयाचे ठोके वाढवणारं विष आहे. मात्रा रोपागणिक बदलते, त्यामुळे ‘थोडंसं’ याला अर्थच उरत नाही.

रानातला माल थेट संकलकाकडून उचलू नका. वन हक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजावर तिथल्या लोकांचा हक्क आहे आणि व्यापारी वापराला जैवविविधता कायदाही लागतो. आधी ग्रामसभा आणि गावची जैवविविधता समिती गाठा. रानातून माल गोळा करणारे हे लोक तुमचे पुरवठादार तर आहेतच, वनस्पतीच्या ओळखीत अनेकदा गुरूही ठरतात. त्यांना भाव नीट द्या.

जाहिरात लिहिताना १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा हाताशी ठेवा. वेड, अपस्मार, मधुमेह ‘बरा करतो’ असा दावा केला तर गुन्हा ठरतो.

संशोधनात जायचं असेल तर जीसीपीचं (औषध चाचण्या नीट करण्याच्या नियमांचं) प्रशिक्षण घ्या. कुणी चाचणीत काम देऊ केलं, तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीवरचा नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र मागा. दोन्ही दाखवता येत नसतील, तर त्या कामाला हात लावू नका.