'बसून करायचं काम घे' या सल्ल्यात माझी दोन वर्षं गेली

मला अपस्मार आहे. त्यातला प्रकार जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हातांना अचानक झटके आणणारा. सगळे जेएमई म्हणतात. नुकतंच निदान झालंय, पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि घरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आता पुढे काय' असं लिहिलेलं दिसतंय, अशांसाठी हे लिहितेय. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) कशासाठी, गोळ्या का चुकवायच्या नाहीत, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलंच असेल, त्यात शिरत नाही. नोकरी निवडताना मी जिथे फसले, तेवढं मात्र सविस्तर सांगणार आहे.

पहिली मोठी फिट सतराव्या वर्षी आली. रात्रभर जागून अभ्यास केला होता, सकाळी पेपर होता. त्याआधी जवळजवळ वर्षभर दात घासताना ब्रश हातातून उडायचा. घरचे धांदरट म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. डॉक्टरांनी ते विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. सुरुवातीला कार्बामाझेपिन मिळाली. जेएमईमध्ये ही गोळी सकाळचे झटके वाढवू शकते, आणि माझे वाढलेच. पुढे दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि सगळा उलगडा झाला. त्यामुळे करिअरच्या कुठल्याही गप्पांआधी एक काम करा. फाइलवर नुसतं 'सीझर' किंवा 'फिट्स' लिहिलं असेल, तर प्रकार कोणता ते विचारून घ्या. डॉक्टरांना कंटाळा आला तरी विचारा. फिट झोपेत येते, जागेपणी येते की जाग आल्या आल्या येते, ती येण्याआधी काही जाणवतं का, दिवे लुकलुकले की त्रास होतो का, या उत्तरांवर तुमची नोकरी ठरणार आहे.

निदानानंतर पहिल्यांदा हातात पडते ती 'करू नये' अशी यादी. ड्रायव्हिंग, उंचीवरचं काम, उघडी यंत्रं, पाण्याजवळचं काम, विमान चालवणं. ही यादी खोटी नाही. तिच्याशी भांडत बसू नका. ब्रिटनमध्ये कार चालवायला साधारण 1 वर्ष फिट आलेली नसावी लागते, पण ट्रक किंवा बससाठी 10 वर्षं, तीही गोळ्यांशिवाय. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असला तरी इतरांचा जीव तुमच्या हातात जितका जास्त, तितका नियम कडक, हे सगळीकडे सारखंच आहे. ट्रक चालवणं हेच स्वप्न असेल तर ते सोडताना दुखेल, आणि ते दुखणं खरं आहे. पण वाहन आणि विमान वगळता उरलेलं बहुतेक जग अजून तुमच्यापुढे मोकळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. यादी वाचून रडू येईल त्या रात्री हा आकडा आठवा.

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. प्रयोगशाळा मला मनापासून आवडायची. पण मामा म्हणाले, "अ‍ॅसिडच्या बाटल्या आणि तू? बसून करायचं काम बघ." आईलाही ते पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. मी ग्राहकांना तांत्रिक मदत देणाऱ्या एका कंपनीत रुजू झाले. खुर्ची, हेडफोन, स्क्रीन. उंची नाही, आग नाही, यंत्र नाही, म्हणजे यादीतलं एकही कलम लागू नाही. एका काकूंना स्क्रीनची काळजी होती, पण अपस्मार असलेल्यांपैकी साधारण 3 टक्क्यांनाच प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येते. जेएमईत हे प्रमाण जास्त असतं म्हणून ईईजीच्या वेळी माझी ती तपासणी मुद्दाम झाली होती आणि त्यात काही निघालं नव्हतं. थोडक्यात, काम सगळ्या बाजूंनी सुरक्षित दिसत होतं.

फक्त शिफ्ट फिरती होती. मी विचार केला, रात्रपाळी असेल त्या आठवड्यात जपून राहू. माझा सापळा इथेच होता, आणि तो रात्रपाळीत नव्हताच.

आमच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ. दुपारच्या आठवड्यात दहाला सुटून अकराला घरी यायचे, एकला झोप लागायची, नऊला उठायचे. आठ तास झोप, एकदम ठीक. पुढच्या आठवड्यात सकाळची पाळी सहाची, गाडी पाचला, म्हणजे चारला उठायचं. आता सांगा, आठवडाभर ज्या शरीराला रात्री एकला झोप येते, त्याला एका सुट्टीनंतर रात्री आठला झोप कशी येणार? येत नाहीच. मी आठला दिवा बंद करून पडायचे आणि साडेअकरापर्यंत छताकडे बघत राहायचे. हातात झोप उरायची साडेचार तास. शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं, म्हणजे उशिरा झोपणं, सोपं जातं. मागे ओढणं, म्हणजे लवकर झोपणं, अवघड जातं. त्यामुळे पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा फिरल्या तर त्यातल्या त्यात सोसतात. आमच्या उलट्या फिरायच्या. हे तेव्हा मला कुणीही सांगितलं नाही.

त्यात जेएमईचा स्वभाव असा की झटके बहुतेक जाग आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात येतात, आणि झोप तोडून उठवलं असेल तर हमखास. सकाळच्या पाळीत माझा तो तास कुठे जायचा? न्हाणीघरात, जिन्यावर, अंधारात गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला. म्हणजे ज्या तासात मी पलंगावर असायला हवं, त्याच तासात मी सगळ्यात धोक्याच्या जागी. खुर्ची सुरक्षित होती हो, पण खुर्चीपर्यंत पोचायचं होतं ना.

गोळीचं गणितही याच गोंधळात बिघडलं. आता माझी गोळी होती लेव्हेटिरासेटाम, सकाळी आठ आणि रात्री आठ. प्रौढांमध्ये तिचं रक्तातलं प्रमाण साधारण 6 ते 8 तासांत निम्मं होतं. रात्रपाळी करून सातला घरी यायचे, आठ वाजायच्या आधीच झोपून जायचे आणि दुपारी तीनला उठून गोळी घ्यायचे. रात्री आठ ते दुपारी तीन, म्हणजे 19 तास. तेवढ्यात औषध निम्म्याचं निम्मं होऊन त्याहूनही खाली गेलेलं असतं. मी मात्र मनाशी म्हणायचे, गोळी चुकवली थोडीच आहे, जरा उशीर झाला इतकंच. दिवसाला दोन गोळ्या पोटात जाणं आणि दर बारा तासांनी एक गोळी जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

सकाळच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पडले. दात ओठात रुतला, खांदा निखळला. प्रोबेशन चालू होतं. मॅनेजर वाईट बोलले नाहीत, फक्त पुढचं पत्र आलं नाही. त्यानंतरचे काही महिने मी घरीच होते आणि 'आपल्याला साधं बसून करायचं कामही झेपत नाही' असं मानून बसले होते. ते खोटं होतं. काम मला झेपत होतं, वेळापत्रक झेपत नव्हतं. पण हा फरक कळायला मला आठ आठवड्यांची वही लागली. झोपले कधी, उठले कधी, गोळी किती वाजता घेतली, झटके आले का आणि किती वाजता, एवढंच रोज लिहायचे. घरी नियमित झोप मिळायला लागली तसे झटके जवळजवळ थांबले. मधे एका लग्नासाठी पहाटे उठले, त्या सकाळी परत आले. वही घेऊन गेले तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी नोकरीबद्दल वीस मिनिटं बोलले.

तुमचा आजार दुसरा असेल तर तुमचा तासही वेगळा असेल. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना अंग तापलं की लक्षणं वाढतात, म्हणजे कोंदट खोली आणि भर दुपारचा प्रवास तपासायला हवा. पार्किन्सन्समध्ये गोळीचा अंमल चढतो-उतरतो त्याप्रमाणे दिवस बसवावा लागतो. नार्कोलेप्सीवाल्यांना, म्हणजे दिवसाही अनावर झोप येणाऱ्यांना, दुपारी ठरवून डुलकी घेता येईल अशी जागा हवी. मायग्रेनवाल्यांनी जेवणाची वेळ हलणाऱ्या कामापासून जपावं. आपला वाईट तास कोणता हे कळल्याशिवाय नोकऱ्यांच्या जाहिराती उघडू नका.

सल्ला देणाऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, ते तसंच सांगते. "जाँटी ऱ्होड्सला अपस्मार होता, टोनी ग्रेगला होता, मग तुला काय अडचण?" असं म्हणणाऱ्यांनी मला आजवर एकही उपयोगाची गोष्ट सांगितलेली नाही. ते दोघं महान खेळाडू आणि त्यांना अपस्मार होता हेही खरं. पण सोमवारी सकाळी सहाला कुठे हजर राहायचं, याचं उत्तर त्यात नाही. दुसरे येतात ते "स्वतःचं काहीतरी सुरू कर, फ्रीलान्सिंग कर" म्हणणारे. मी पाच महिने करून पाहिलं. क्लायंटला फाइल सकाळी हवी असते आणि रात्री जागण्यावाचून इलाज नसतो, वर ओरडायला वरिष्ठही नसतात. शिस्त असेल तर जरूर करा, पण त्याला सोपी वाट समजू नका. मला खरी मदत झाली ती कॉलेजातल्या एका सीनियर ताईची. तिने मला झोप न झालेल्या दिवशीही पाहिलं होतं आणि चांगल्या दिवशीही. ज्याने तुमचे दोन्ही दिवस पाहिलेत, त्यालाच विचारा.

आणि परीक्षा किंवा मुलाखतीच्या आधी डोकं तल्लख राहावं म्हणून गोळी बंद करू नका. हे बरेच जण करतात, कबूल करत नाहीत. अचानक बंद केलेल्या गोळीमुळे न थांबणारी फिट येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो. गोळीने सुस्ती येत असेल, शब्द आठवत नसतील, तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं, डोस बदलता येतो. औषध बदललं की पहिले तीन महिने मात्र कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. लेव्हेटिरासेटाम सुरू झाल्यावर मी इतकी चिडचिडी झाले होते की सहाव्या आठवड्यात राजीनामा लिहून ठेवला होता. ती चिडचिड गोळीची होती. डोस थोडा कमी केल्यावर ती ओसरली.

तर शेवटी मी कुठे पोचले? प्रयोगशाळेतच. त्या ताईने औषधांचं पृथक्करण करणाऱ्या एका लॅबमध्ये जागा असल्याचं कळवलं. वेळ साडेनऊ ते सहा, रोज तीच. मी मुलाखतीत आजाराचं नाव घेतलं नाही, पण प्रश्न भरपूर विचारले. पाळ्या आहेत का, असल्या तर कुठल्या क्रमाने फिरतात? दोन पाळ्यांमधे किती तास मिळतात? (युरोपीय संघाच्या नियमात 24 तासांत सलग 11 तासांची विश्रांती आहे, मी तोच माप म्हणून धरते.) सुट्टीच्या दिवशी फोन येतो का? लॅबमध्ये एकटं थांबावं लागतं का? तीव्र अ‍ॅसिडमध्ये नमुने उकळण्याचं काम कुणाकडे असतं? असे प्रश्न विचारणारी मुलगी कामाबद्दल गंभीर वाटते, संशयास्पद नाही. मामांच्या डोळ्यासमोर होत्या तशा बाटल्या तिथे आहेतच, पण माझा बहुतेक दिवस एचपीएलसी यंत्रापाशी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) जातो. नमुने भरले की पुढचं यंत्र करतं, मी आलेख तपासते.

निवड झाल्यावर, जॉइनिंगच्या आधी, लॅबप्रमुखांना सगळं सांगितलं. यावर मतं वेगवेगळी आहेत, माझं असं की ऑफर हातात आल्यावर आणि पहिल्या फिटच्या आधी सांगावं. सांगताना आजाराची कहाणी लांबवली नाही, तीन गोष्टी मागितल्या. अ‍ॅसिडचं काम दुसऱ्याला द्यावं, उंच कपाटाच्या शिडीवर मी चढणार नाही, आणि लॅबमध्ये मी एकटी थांबणार नाही. ते म्हणाले, "शेवटची गोष्ट तर सगळ्यांनाच लागू आहे." अ‍ॅसिडच्या बदल्यात मी एका सहकाऱ्याचे रिपोर्ट तपासून देते.

शेजारच्या टेबलावरच्या दोघांना एक कागद दिला आहे. घड्याळ लावा, धरून ठेवू नका, तोंडात काही घालू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका बोलवा. दोन वर्षांत तो एकदाच लागला, तापातून उठून लगेच कामावर गेले होते तेव्हा. एक मिनिट चाळीस सेकंद, असं त्यांनी कागदाच्या मागे लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी भेटल्यावर पहिला प्रश्न नेमका तोच विचारला.