बाहेर अनोळखी कोळी दिसला तर ओळखायचा कसा

पावसाळा सरता सरता बांधावर, बागेत, ट्रेकच्या वाटेवर कोळीच कोळी दिसतात आणि बहुतेक जण आधी रंग बघून सर्च मारतात, तिथेच गडबड होते. रंगावर जाऊ नका. फुलावर दबा धरून बसणारे काही क्रॅब स्पायडर तर पांढऱ्याचे पिवळे होतात, मग काय ओळखणार!

आधी जाळं बघा. गोल जाळ्याच्या मधोमध पाय दोन-दोन जोडून फुलीसारखा बसलाय आणि जाळ्यावर जाड पांढरी नागमोडी नक्षी आहे, तर तो सिग्नेचर स्पायडर. जंगलात वाटेवर मोठ्ठं जाळं, उन्हात सोनेरी चमकणारं, तर बहुधा जायंट वूड स्पायडर, मादीचं नुसतं अंगच पाच सेंटीमीटरपर्यंत भरतं आणि तिथेच कडेला एवढासा नर असतो, तो वेगळा कोळी समजू नका. लॉनवर चादरीसारखं जाळं आणि एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक असेल तर हलकीच काडी लावून बघा, आतून हिपासा नावाचा कोळी धावत येतो.

जाळं नसेल तर डोळे बघा. समोर गाडीच्या हेडलाइटसारखे दोन मोठे डोळे असतील तर जम्पिंग स्पायडर. यांच्यातली एक नवीन जात २०२१ मध्ये नोंदली गेली, ती ठाण्यात सापडली होती आणि तिला शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय, आयसियस तुकारामी. म्हणून सांगतो, सोसायटीच्या भिंतीवरचा कोळीही नीट बघा. पायांवर काटे उभे दिसले तर लिंक्स स्पायडर. आणि मुंगी वाटतेय पण पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतेय तर पाय मोजा, आठ भरले की तो कोळीच.

फोटो तीन तरी काढा, वरून, समोरून आणि जाळ्याच्या पलीकडे जाऊन पोटाकडून. जागा, तारीख, झाड लिहून आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं ॲप) टाका. नेमकी जात नाही कळली तर वाईट वाटून घेऊ नका, खूप कोळ्यांची जात मायक्रोस्कोपशिवाय ठरतच नाही.

विष बहुतेक सगळ्याच कोळ्यांना असतं, पण माणसाला त्रास होईल असे थोडेच, तरी हातात घेऊ नका आणि प्लीज मारू नका.

रात्री एकदा टॉर्च कपाळाशी धरून गवतावर फिरवा. हिरवट ठिपके चमकतात ते वुल्फ स्पायडरचे डोळे. हळूच जवळ जा, नशीब असेल तर पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन चाललेली आई दिसेल.