लॅपटॉपच्या सगळ्या आवाजाला एकच इक्वलायझर

लॅपटॉपचे स्पीकर पत्र्यासारखे वाजत असतील तर प्रत्येक प्लेयरमध्ये वेगळं सेटिंग करत बसू नका, विंडोजवर इक्वलायझर एपीओ (आवाजातले जाड-बारीक सूर वेगवेगळे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे आणि ब्राउझर, व्हिडिओ, गाणी सगळ्यालाच लागू होतं. इन्स्टॉल करताना एक खिडकी उघडते, त्यात आपण ज्यावर ऐकतो तो स्पीकर किंवा हेडफोन टिक करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं. रीस्टार्ट केलं नाही तर काहीच फरक पडत नाही आणि माणूस वैतागून काढून टाकतो. सोबत पीस नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या म्हणजे सरकपट्ट्या मिळतात, नाहीतर मूळ सेटिंग टेक्स्ट फाईलमध्ये असतं.

आता खरी गोष्ट. कुठलाही बँड (सुरांचा एक पट्टा) ५ डीबी (डेसिबल) वर नेलात तर प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली, म्हणजे -५ करा, नाहीतर मोठ्या आवाजात गाणं फाटतं. खरं तर वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं. आवाज घुमतोय, कोंदट वाटतोय? २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डीबी कमी करून बघा, बोलणं लगेच मोकळं होतं. लेक्चर ऐकताना शब्द कळत नसतील तर २ ते ४ किलोहर्ट्झ किंचित वर. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरकडून ४० हर्ट्झचा बास मागू नका हो, तो नुसता खरखरतो.

नवा ब्लूटूथ हेडफोन जोडला किंवा साउंड ड्रायव्हर अपडेट झाला आणि इफेक्ट गायब झाला, तर कॉन्फिगरेटर (इन्स्टॉल करताना उघडलेली तीच खिडकी, नव्या आवृत्तीत नाव डिव्हाइस सिलेक्टर) उघडून परत टिक करा.