जुन्या सायकलचा नंबर वाचण्याआधी

सायकल कुठली आणि कोणत्या काळातली हे शोधायचं तर सुरुवात फ्रेमवरच्या नंबरापासून होते. सँडपेपर आणि ग्राइंडर आधी नजरेआड करा. जुन्या सायकलचा नंबर पंचने ठोकलेला असतो, तो फार खोल नसतो, आणि गंजाने निम्मा खाल्लेला असतो. चार हात जोरात घासलं की एखादा आकडा कायमचा जातो, मग कोणी काही करू शकत नाही. जवळ घ्यायचं ते रॉकेल, जुना टूथब्रश, सुती चिंधी, वर ऑइल पेंटचे थर असतील तर पेंट रिमूव्हर, प्लास्टिकची बोथट पट्टी, टॉर्च, भिंग, पातळ कागद आणि मऊ शिसपेन्सिल. सायकल उलटी करावी लागेल, म्हणून खाली गोणपाट अंथरा.

नंबर एकाच ठरलेल्या जागी नसतो. सीटखाली नळ्या जुळतात तो सांधा पाहा, सीटची उभी नळी पाहा, मग पायडलचा एक्सल बसतो त्या बीबीचं (बॉटम ब्रॅकेटचं) पोट आणि मागच्या चाकाचा नट आवळतो ती पट्टी. एका जागी आकडे सापडले म्हणून थांबू नका. तिथला मळ आणि गंज रॉकेल, ब्रश आणि चिंधीने, रंग रिमूव्हर आणि पट्टीने हळू काढा. टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरा, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. त्यावर कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. हा ठसा जपून ठेवा. फोटोत न दिसणारी रेघ त्यात उमटते. बीबीच्या पोटातल्या नंबराबाबत एक काळजी घ्या: पुढचं चाक कोणत्या बाजूला होतं ते ठशावर बाणाने दाखवा. नाहीतर ६६ चे ९९ होतात आणि सगळा शोध भलतीकडे जातो. नंबराआधीचं किंवा नंतरचं इंग्रजी अक्षर सोडू नका, शून्य आहे की ओ अशी शंका असेल तर दोन्ही लिहा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे, निपाणीला असो की खानापूरला, माळ्यावरून जुनी रॅले किंवा हर्क्युलस खाली आली की घरचे म्हणतात, "ही इंग्लंडची." असेलही. पण रॅले नॉटिंगहॅमला झाली तशी १९५० च्या दशकापासून सेन-रॅलेच्या आसनसोलच्या कारखान्यातही झाली. हर्क्युलस मूळची बर्मिंगहॅमची, पुढे मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने ती बनवली. नाव एक, देश दोन. म्हणून नुसता नंबर इंग्लंडच्या यादीत शोधला तर उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि ते साफ चुकीचं असू शकतं. नंबरासोबत हँडलखालचा पुढचा बिल्ला वाचा. त्यावर बहुधा गावाचं किंवा देशाचं नाव असतं. बिल्ला पितळी दिसला तरी चिंच लावून चकचकीत करू नका. अक्षरांमधला मूळ रंग निघून जातो, आणि तो रंगही पुरावाच आहे.

पुढच्या चेनव्हीलची, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्राची, नक्षी टिपा. बगळ्याची डोकी असतील तर रॅले, पळणारी पाच माणसं असतील तर हंबर. उभ्या रचलेल्या तीन रायफली ही बीएसए या ब्रिटिश कंपनीची खूण, पण बीएसए आपले सुटे भाग इतर कारखान्यांनाही विकत असे, त्यामुळे एका भागावर रायफली दिसल्या म्हणून अख्खी सायकल बीएसए ठरत नाही. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, तीन गिअर असतील आणि त्यावर स्टर्मी-आर्चर हे गिअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा वर्षाचे दोन आकडे तिथेच ठोकलेले सापडतात: ५२ म्हणजे १९५२. हे वर्ष त्या हबचं. चाक कधीतरी बदललं असेल तर फ्रेमचं वय वेगळं, म्हणून तारा, रिम, मडगार्ड एकाच काळातले वाटतात का, हे दुकानातल्या जुन्या मिस्त्रीकाकांना दाखवून विचारा.

यानंतर घरातली ट्रंक उघडा. सायकलवर कर होता तेव्हाचा पालिकेचा बिल्ला किंवा पावती मिळाली तर सोनंच. तारखेचा कोपरा फाटला असेल तर छापील मथळ्यात राज्याचं नाव पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात, आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. अर्थात छापलेली जुनी पावतीपुस्तकं संपेपर्यंत वापरली जात, वर्षभराची ढील द्या. मजकूर कानडीत असेल तर शेजारच्या अक्कांकडून नीट वाचून घ्या, अंदाज बांधू नका. फ्रेमवर विक्रेत्याची पट्टी असेल तर तिचा वेगळा फोटो काढा. बेळगावात हा धंदा फार जुना आहे; लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या इथे विकत, तेही १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसण्याच्या आधी.

एवढं जमलं की विचारणा करा. ब्रिटिश सायकल असेल तर तिकडच्या व्हेटरन-सायकल क्लबातले जाणकार काळ ठरवायला मदत करतात. त्यांना नंबर, तो सापडल्याची जागा, ठसा, बिल्ला, चेनव्हील, हब आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण सायकल असे फोटो एकदम पाठवा. उत्तर "अमुक ते अमुक वर्षांच्या दरम्यान" असं आलं तर तेच प्रामाणिक उत्तर समजा.

फोटो झाल्यावर उघड्या पडलेल्या नंबरावर लगेच मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा. खानापूरकडच्या पावसात उघडं लोखंड आठवडाभरात तांबूस होतं.