लेहला कमी खर्चात जाताय? या चुका टाळा

लेहच्या सहलीत सर्वांत महाग पडते ती घाई. पुण्या-मुंबईचा माणूस रजा मोजून निघतो. पाच दिवसांत खारदुंग ला हा घाट, नुब्राचं खोरं, पँगाँगचं तळं आणि जमलंच तर त्सो मोरिरीचं तळं, असा बेत असतो. मग दिल्लीहून थेट विमान, दुसऱ्या सकाळी स्वतंत्र टॅक्सी, आणि तळ्याकाठी मिळेल त्या भावाने तंबू. दिवस कमी असले की प्रत्येक गोष्ट एकट्याने भाड्याने घ्यावी लागते. त्याच सहलीला चार दिवस जास्त दिले तर गावची बस मिळते, वाटून घ्यायची टॅक्सी मिळते, घरगुती मुक्काम मिळतो आणि शरीरालाही तिथल्या विरळ हवेची सवय होते. म्हणून आधी रजा वाढवून घ्या, तिकीट नंतर काढा.

पहिल्याच दिवशी हिंडायला निघणं

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. दिल्लीहून विमानाने तासा-दीड तासात तिथे पोचणाऱ्याचं शरीर यासाठी तयार नसतं. तुम्ही सह्याद्रीत दर रविवारी गड चढत असलात तरी इथे त्याचा भरवसा धरू नका. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे दमसासावर ठरत नाही. उलट दणकट माणसं सुरुवातीची डोकेदुखी अंगावर काढतात आणि जास्त आजारी पडतात.

पहिले ४८ तास लेहमध्येच काढा. पहिला दिवस खोलीत आणि अंगणात घालवा, दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत सावकाश चाला. टेकडीवरच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. विरळ हवेच्या त्रासासाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा दोन-चार मिनिटं बरं वाटायला लावतो, पण तो उपचार नव्हे. त्याच्या भरवशावर आणखी वर जाणं धोक्याचं आहे.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, झोप लागत नाही, अशी लक्षणं दिसली तर पुढची चढण थांबवा. आहात तिथेच राहा आणि बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका. एका जागी बसूनही धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालताना तोल जात असेल, तर ते प्राणावर बेतणारं आहे. अशा वेळी रात्र असो वा पहाट, लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. लेहमध्ये सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना हे रुग्ण नेहमीचे आहेत. सोबत्यांचा बेत बिघडेल म्हणून गप्प बसू नका. आणि सोबती आजारी पडला तर त्याला हॉटेलवर एकटं ठेवून पुढे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

स्वस्त म्हणून मनालीची बस धरणं

मनालीमार्गे लेहला जाणारी हिमाचल परिवहनची उन्हाळी बस फार स्वस्त आहे आणि रस्ता विलक्षण सुंदर आहे. पण जाताना तो निवडू नका. हिमाचलमधलं केलाँग सोडलं की बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरच्या वरचा तंगलंग ला हे सगळे घाट एकाच पट्ट्यात येतात. मध्ये मुक्काम करायचा तर सरचूला, म्हणजे ४,२०० मीटरच्या वर. शरीराला सवय नसताना तिथे काढलेली रात्र अनेकांची सहल संपवते.

श्रीनगरकडून जाणारी वाट सौम्य आहे. जोझी ला हा घाट ओलांडला की साधारण २,७०० मीटरवरच्या कारगिलला रात्र काढता येते. दुसऱ्या दिवशी लामायुरूवरून लेहला पोचता येतं. बस आणि वाटून घ्यायच्या टॅक्सी दोन्ही मिळतात. विमानाचं तिकीट वाचतं आणि शरीर पायरीपायरीने वर चढतं. मनालीचा रस्ता परतीला ठेवा. तोवर हवेची सवय झालेली असेल आणि ते घाट डोळे भरून पाहता येतील.

बसचं वेळापत्रक शहराच्या हिशेबाने वाचणं

लडाखमधल्या बऱ्याच गावांच्या बसा गावकऱ्यांच्या सोयीने धावतात. सकाळी गावातून लेहला येतात आणि दुपारनंतर गावी परततात. लेहहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं हा आपला हिशेब तिथे जुळत नाही. मग लोक वैतागून टॅक्सी करतात. त्यापेक्षा दुपारच्या बसने जा, गावात मुक्काम करा आणि सकाळी गावकऱ्यांबरोबर परत या. घरगुती मुक्कामाच्या पैशांत बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण आणि न्याहारीही येते. अनेक गावांत पाहुणे पाळीपाळीने घरांमध्ये वाटले जातात आणि दर गावाने मिळून ठरवलेला असतो. तिथे घासाघीस करू नका. चोगलमसर, शे, ठिकसे या जवळच्या गावांना मात्र मिनीबसने दिवसभरात सहज जाऊन येता येतं.

लांबच्या ठिकाणांसाठी टॅक्सीचे दर तिथल्या टॅक्सी संघटनेने ठरवलेले असतात. दरपत्रक मागून पाहा. वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा सोबती शोधा. बाजारातल्या प्रवास कचेऱ्यांबाहेर ‘पँगाँग, दोन जागा शिल्लक’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एक-दोन दिवस थांबायची तयारी असेल तर गाडी भरते आणि खर्च चौघा-पाचांत वाटला जातो.

आधी नुब्रा करा, मग पँगाँग. खारदुंग ला उंच असला तरी तो ओलांडून झोपायचं असतं ते नुब्रातल्या दिस्कित-हुंडरला, आणि ते लेहपेक्षा खाली आहे. पँगाँगला झोपायचं म्हणजे ४,२०० मीटरच्या वर, गारठ्यात आणि महागात.

मनालीत किंवा श्रीनगरात भाड्याने घेतलेली मोटारसायकल लडाखमध्ये स्थळदर्शनासाठी चालवू देत नाहीत. ती लेहमध्येच भाड्याने घ्यावी लागते. स्वतःची गाडी असेल तर कागदपत्रं स्वतःच्याच नावाची हवीत.

पाणी फुकट आहे असं समजणं

ही चूक खिशाला जाणवत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम शंभर मिलिमीटर. इथली शेती हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर उभी आहे. ते पाणी पाटापाटाने शेतात येतं, आणि कोणाच्या शेताला कधी मिळायचं हे ठरवणाऱ्या माणसाला चुरपोन म्हणतात. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं. २०११च्या जनगणनेत लेह शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. २०२२ या एका वर्षात लडाखला आलेले पर्यटक पाच लाखांच्या वर होते. जव आणि गहू पिकत होता त्या जमिनींवर त्यांच्यासाठी हॉटेलं उभी राहिली आणि बोअरवेलींनी जमिनीखालचं पाणी उपसायला सुरुवात झाली. लडाखी घरातलं पारंपरिक कोरडं शौचालय पाण्याशिवाय चालतं आणि त्यातून शेताला खत मिळतं. फ्लशच्या शौचालयाला तेवढ्यासाठी पिण्याजोगं पाणी लागतं.

म्हणून चोवीस तास गरम पाण्याच्या शॉवरची खोली शोधू नका. लेहच्या चांगस्पा, कारझू, संकर या भागांत कुटुंबांनी चालवलेली घरं आहेत. तिथे बादलीभर गरम पाणी मिळतं, खोली स्वस्त असते, आणि पैसे त्या घरातच राहतात. फक्त पहिल्या दोन रात्रींचं आरक्षण करून जा. पुढची खोली प्रत्यक्ष पाहून ठरवा. ॲपवरची सर्वांत स्वस्त खोली अनेकदा उभ्या चढावर निघते, आणि पहिल्या दिवशी तो चढ नकोसा होतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. घरून स्वतःची बाटली न्या आणि उकळलेलं पाणी मुक्कामाच्या घरीच भरून घ्या.

जेवणातही तेच. लेहमध्ये पनीर बटर मसाला शोधत बसाल तर ट्रकने घाट ओलांडून आलेल्या मालाचे पैसे मोजाल. थुक्पा (शेवयांचं सूप), स्क्यू (भाज्यांत शिजवलेले कणकेचे तुकडे), खंबीर ही जाड रोटी, हे सगळं पोटभरीचं आणि स्वस्त असतं. उन्हाळ्यात मुख्य बाजाराच्या कडेला बायका आपल्या मळ्यातली भाजी घेऊन बसतात. जुलैअखेरपासून त्यांच्याकडे ताजे जर्दाळूही मिळतात. तेच घ्या.

फोन आणि रोख रक्कम

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याच्या आठवडाभर आधी सिम बदलून घ्या, विमानतळावर उतरून धावपळ करू नका. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. म्हणून लेह सोडण्यापूर्वी पुढच्या गावांपुरती रोख रक्कम जवळ ठेवा. सीमेलगतच्या भागांचे परवाने आणि पर्यावरण शुल्क यांचे नियम बदलत असतात. त्यासाठी जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, लडाख प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा.

परतीचा दिवस घट्ट बांधणं

लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात, कारण दुपारनंतर दरीत वारा वाढतो. हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं, आणि जून-जुलैत दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा असेलच असं नाही. तरीही लोक त्याच संध्याकाळची दिल्ली-मुंबई राजधानी पकडायचा बेत करतात. ती चुकली की वेगळ्या तिकिटाचे पैसे बुडतात. दिल्लीत मध्ये एक रात्र ठेवा. रस्त्याने परतणार असाल तर दरड आणि बर्फासाठी दोन दिवस राखा. विमान रद्द झालंच तर टॅक्सी थांब्यावर जाऊन कारगिलकडे निघणाऱ्या शेअर गाडीत जागा धरा. तेवढ्या भाड्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे बांधून ठेवा.