मिरजेच्या तंबोऱ्याला नव्या तारा कशा चढवाव्यात

चारही तारा एकदम उतरवू नका. बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. घोडी, म्हणजे भोपळ्यावरची ज्यावर तारा टेकतात ती पट्टी, जागेवर राहते ती मुख्यतः तारांच्या दाबामुळे. मी एकदा पुसायला सोपं जाईल म्हणून सगळ्या तारा सोडल्या, घोडी सरकली आणि छान लागलेली जवारी, म्हणजे तारेचा तो भरदार गुंजणारा नाद, गेली. ती परत मिळवायला तंबोरा कारागिराकडे न्यावा लागला. म्हणून एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, मगच दुसरीला हात लावा.

तंबोरा गादीवर आडवा ठेवा. भोपळा वाळलेला आणि ठिसूळ असतो, फरशीवर टेकवू नका. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, सुती फडकं पसरा, नाहीतर तारेचं टोक पॉलिशवर ओरखडा काढतं.

जुन्या तारेचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि त्याच जाडीची तार मागा. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, पोलादी; शेवटची, सगळ्यात खालच्या स्वराची खर्जाची तार पितळी. पहिली, पंचमाची तार पुरुषांच्या तंबोऱ्यात बहुधा पितळी आणि स्त्रियांच्या तंबोऱ्यात पोलादी असते.

तारेच्या एका टोकाला फास करून पीळ घट्ट द्या. फास भोपळ्याच्या तळाशी अडकवा, तार मण्यातून ओवा, घोडीवरून नेऊन वरच्या पट्टीच्या भोकातून खुंटीपर्यंत आणा. मणी घोडी आणि तळ यांच्या साधारण मध्यावर राहू द्या. वीतभर तार जादा ठेवूनच कापा.

खुंटी काढावी लागली तर ती त्याच भोकात परत घाला. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काम अजून हाताचंच आहे. प्रत्येक खुंटी तिच्या भोकाप्रमाणे घासून बसवलेली असते, शेजारच्या भोकात ती नीट धरत नाही. तार जुन्या दिशेनेच गुंडाळा, वेढ्याशेजारी वेढा. पिळताना खुंटी किंचित आत दाबत राहा. घसरत असेल तर खडू लावा. या वेळी चेहरा तारेपासून लांब ठेवा, पोलादी तार तुटली तर जोरात उसळते.

आता स्वर. जोड मध्य षड्जात, खर्ज त्याखालच्या षड्जात, पहिली तार मंद्र पंचमात. मालकंस रागासाठी ही पहिली तार मध्यमात, मारव्यासाठी निषादात. खुंटीने जवळपास आणा, उरलेलं मण्याने. मणी तळाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे नेला की उतरतो. नवी तार दोन-तीन दिवस सैल पडत राहते, पुन्हा पुन्हा लावावी लागते.

शेवटी जवारीचा दोरा. साधं सूत तारेखाली, घोडीच्या पाठीवर घाला. एका हाताने तार हलकेच छेडत दुसऱ्या हाताने दोरा केसभर, अगदी केसभर सरकवा. आधी आवाज बोथट येतो, मग चरचरतो, आणि एका ठिकाणी अचानक उघडतो. तिथेच थांबा. कुठेच उघडला नाही तर घोडी घासायच्या फंदात पडू नका, ते काम कारागिराचं.

चारही तारा जुळल्या की खोलीतला पंखा बंद करा आणि सावकाश छेडत राहा. खर्जातून हळूहळू स्वयंभू गंधार, म्हणजे कुठल्याच तारेवर न लावलेला, आपोआप उमटणारा गंधार, ऐकू येऊ लागेल. नाही आला तर जोडाच्या दोन तारा पुन्हा तपासा, बहुतेक वेळा त्यांच्यातच तिळाएवढा फरक राहिलेला असतो.