लहान कुत्र्याला फ्लूची लस द्यावी का?

अमेरिकेत शिह त्झू, पॉमेरेनियन किंवा चिवावा पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना वार्षिक तपासणीच्या वेळी पशुवैद्य फ्लूच्या लशीबद्दल विचारतात, आणि ‘आमचा तर एवढासा, घरातच असतो’ असे म्हणून तो प्रश्न बाजूला सारला जातो. माझ्या मते हा निर्णय आधी कुत्र्याच्या सहवासावरून घ्यावा. आकाराचा विचार त्यानंतर, लस कशी द्यायची हे ठरवताना करावा.

तेथे या रोगाचे दोन विषाणू आढळले आहेत. एच३एन८ घोड्यांकडून आला आणि २००४ मध्ये फ्लोरिडातील शर्यतीच्या ग्रेहाउंडांमध्ये ओळखला गेला. मूळचा पक्ष्यांचा एच३एन२ आशियातून येऊन २०१५ मध्ये शिकागो परिसरात पसरला. रेबीज किंवा पार्व्हो (कुत्र्यांचा आतड्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार) यांच्या लशींप्रमाणे ही लस सर्वांसाठी आवश्यक मानली जात नाही. मात्र कुत्रा बोर्डिंगमध्ये, डे-केअरमध्ये, ग्रूमिंगला किंवा डॉग पार्कमध्ये नियमित जात असेल, किंवा परिसरात साथ असेल, तर ती द्यावी, असे मला ठामपणे वाटते. खोकल्याने उडणाऱ्या तुषारांबरोबरच भांडी, पट्टे आणि माणसांचे कपडे यांच्यामार्फतही हा विषाणू पसरतो. पग किंवा फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या, तसेच श्वासनलिका कमकुवत असलेल्या लहान कुत्र्यांना फ्लूचा खोकला अधिक जड जातो, म्हणून त्यांच्या बाबतीत पारडे लशीकडे झुकते. एकट्याने फिरणाऱ्या, इतर कुत्र्यांत न मिसळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला ती बहुधा लागत नाही.

लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते. दोन्ही विषाणूंवरील एकत्रित लस मागावी. तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे दरवर्षी एक द्यावा लागतो. डिसेंबरात भारतात येताना कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल, तर दुसरा डोस किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हावा अशा बेताने ऑक्टोबरातच सुरुवात करावी. भारतात मिळणाऱ्या, अनेक रोगांवरील एकत्रित लशींमधील पॅराइन्फ्लुएन्झा हा वेगळा विषाणू आहे. त्या लशीची नोंद असली तरी फ्लूची लस झाली असे समजू नये.

आकार महत्त्वाचा ठरतो तो येथे. अमेरिकेत दहा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान कुत्र्यांमध्ये लशीनंतरच्या प्रतिक्रियांचा धोका जास्त आढळला, आणि एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लशीमागे तो वाढत गेला. एकूण प्रमाण कमीच होते, तरी तीन-चार लशी एकदम टोचून घेण्याऐवजी फ्लूची लस इतरांपासून काही आठवडे वेगळी द्यावी, अशी विनंती पशुवैद्यांना अवश्य करावी. अर्धा डोस मात्र मागू नये, कारण लशीचे प्रमाण वजनावर अवलंबून नसते आणि अर्ध्या डोसाने पुरेसे संरक्षण मिळेल याची खात्री नसते. पूर्वी कोणत्याही लशीनंतर त्रास झाला असल्यास तो आधीच सांगावा, सकाळची वेळ घ्यावी आणि अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. तोंडावर सूज, अंगावर गांधी, वारंवार उलट्या किंवा धाप दिसल्यास घरगुती उपाय न करता लगेच उपचार घ्यावेत.